पाणी वरून आलं की खालून? बेळगावकडच्या घराचा विमा

वडगावच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. बळ्ळारी नाल्यापासून जवळ त्यांचं वडिलोपार्जित घर आहे. पुढचा भाग स्लॅबचा, मागच्या दोन खोल्या मातीच्या भिंतींच्या आणि वर मंगलोरी कौलं. मागच्या एका खोलीत दोन माग चालतात. २०१९ च्या ऑगस्टात घरात गुडघाभर पाणी होतं. तेव्हा घरावर कर्ज होतं, कर्जाबरोबर "विमा"ही काढलेला होता, पण एक रुपया मिळाला नाही. तेव्हापासून त्यांचे आप्पा विम्याचं नाव काढू देत नाहीत. ताईंनी विचारलंय की घराचा विमा खरंच असतो का, त्यात वादळ आणि पूर येतो का आणि वर्षाला किती पडतो.

ताई, मी या भागात वीस वर्षांहून जास्त काळ नुकसानीचा सर्व्हे करतो. खानापूरपासून चिकोडी-निपाणीपर्यंत पडलेल्या भिंती आणि उडालेले पत्रे मोजत आलोय. आधी आप्पांच्या शंकेचं बघू, कारण ती रास्त आहे.

तो जुना कागद कपाटातून काढा आणि त्यात फक्त दोन गोष्टी शोधा. विमा उतरवलेल्या मालमत्तेचा पत्ता कुठे लिहिलाय का? आणि पूर, वादळ, आग असे शब्द कुठे आहेत का? बहुतेक नसतील. कर्जाबरोबर जो विमा गळ्यात पडतो तो पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्ज घेणारा माणूस गेला तर उरलेलं कर्ज फिटावं म्हणून. घर वाहून गेलं तरी त्याचा काही संबंध नाही. सही घेताना हे कुणी आप्पांना सांगितलं नाही, ही चूक त्यांची नाही. काही वेळा घराचा विमा असतोही, पण उरलेल्या कर्जाएवढाच, आणि पैसे आधी बँकेकडे जातात. म्हणून कागद वाचल्याशिवाय "होता" किंवा "नव्हता" म्हणू नका.

आता घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून देशात "भारत गृह रक्षा" नावाची एकच प्रमाणित पॉलिसी लागू झाली. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती विकावी लागते आणि मूळ मजकूर सगळीकडे तोच. त्यात आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी शिरून साचणं, दरड कोसळणं, जमीन खचणं, बाहेरची वस्तू येऊन आदळणं (झाड, गाडी, शेजाऱ्याची भिंत), दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मूळ हप्त्यातच येतं. पुरासाठी वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. अशी घटना घडल्यावर सात दिवसांत चोरी झाली तर तीही धरली जाते. आपल्याकडे याची किंमत मोठी आहे. लोक काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात, जाऊन राहतात, मागे घर उघडं पडतं, आणि पाणी ओसरल्यावर परत यावं तर तांब्याची भांडी गायब.

यादी वाचून लोक खूश होतात आणि इथेच घोटाळा होतो. विमा नुकसानीला पैसे देत नाही, घटनेला देतो. मी दारात आलो की घरातली माणसं मला काय काय गेलं ते सांगू लागतात. मी बघत असतो पाणी कुठून आलं ते.

उदाहरण वळवाचं घ्या. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आभाळ भरून येतं, वारं सुटतं, गारा पडतात, पत्रे उडतात. उडालेला पत्रा मी हातात घेऊन हुकाचं भोक बघतो. वाऱ्याने उचललेला पत्रा भोकापाशी फाटलेला असतो, कड बाहेर वळलेली, धातू चकचकीत. गंजून सुटलेल्या पत्र्याचं भोक आधीच मोठं झालेलं असतं, कड काळी-तांबडी आणि बोटाने चुरा होणारी. पहिला पत्रा वादळाचा, त्याचे पैसे मिळतात आणि त्या उघड्या छतातून पाऊस आत येऊन भिजलेल्या गाद्या-कपाटांचेही मिळतात. दुसऱ्यावर वाद होतो. आणि कौल जागेवर आहे, फक्त जुनं झालंय म्हणून आषाढभर टिपटिप गळतंय, भिंतीला ओल धरलीय, रंग फुगलाय, हे तर कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. ती देखभाल झाली.

खालून येणारं पाणी त्या मानाने सोपं. बळ्ळारी नाल्याचं असो, मार्कंडेयचं, घटप्रभेचं किंवा निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगेचं, ते भिंतीवर स्वतःची रेघ काढून जातं. तपकिरी, सरळ, पाणसळ लावून मारल्यासारखी. कपाट सरकवलं की मागेही तीच रेघ, त्याच उंचीवर. गाळाचा पातळ थर स्विच बोर्डाच्या आत सापडतो. अशा घरात मला कुणाला काही विचारावं लागत नाही. पाणी पावसाचं की हिडकल धरणातून सोडलेलं, यानेही फरक पडत नाही. घरात शिरलं, पूर झाला.

खरा गुंता मातीच्या भिंतीचा आहे आणि तुमच्या मागच्या दोन खोल्यांचा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात जी घरं पडतात त्यातली कितीतरी पुराने पडत नाहीत. आठ-दहा दिवस झड लागते, भिंत वरून आणि पायातून पाणी पीत राहते आणि एका पहाटे आवाज न करता बसते. २०२१ च्या जुलैत खानापूर तालुक्यात मी अशाच एका घरापुढे उभा होतो. भिंत आत पडलेली, वासे तिच्यावर तिरके, चुलीजवळ पितळेचा हंडा चेपलेला. आजी सारखं म्हणत होत्या, "पाऊस बघा की किती होता." पाऊस होताच. पण पॉलिसीत "पाऊस" हा शब्द नाही. वादळ आहे, पूर आहे, पाणी साचणं आहे, जमीन खचणं आहे. नुसत्या सततच्या ओलीने भिंत खचली तर कंपनी तिला झीज किंवा सदोष बांधकाम म्हणते.

मी घरामागे जाऊन पाहिलं. मागच्या बोळातून वरच्या शेताचं पाणी वाट काढून भिंतीच्या पायथ्याशी साचलं होतं. पायाचे दगड धुपून उघडे पडले होते आणि शेजारच्या शेणाच्या उकिरड्यावर साचलेल्या पाण्याची पातळी अजून दिसत होती, साधारण वीतभर. म्हणजे बाहेरचं पाणी येऊन साचलं आणि त्याने पाया नेला. त्याला पॉलिसीत नाव आहे. ते फोटो, उंचीची मापं आणि शेजारच्या दोन घरांचे जबाब मी अहवालात लावले आणि तो दावा मंजूर झाला. आजींच्या नातवाने मी पोचायच्या आदल्या दिवशी बोळ साफ करून पाणी काढून दिलं असतं आणि फोटो काढला नसता, तर माझ्याकडे लिहायला काही उरलं नसतं. म्हणून माझी पहिली विनंती हीच असते की भिंत पडली की ढिगारा उपसायच्या आधी घराला बाहेरून एक फेरी मारा आणि पाणी कुठून आलं त्याचे फोटो काढा. पडलेल्या भिंतीचे फोटो सगळे काढतात, पाण्याच्या वाटेचे कुणी काढत नाही.

मातीच्या भिंती आहेत हे अर्जात स्पष्ट लिहा. एजंट म्हणेल, "सगळं पक्कं लिहून टाकू, कोण बघतंय." तुमच्या नशिबाने सर्व्हेअरच बघतो. तसंच २०१९ ला पाणी आलं होतं हेही लिहा. अर्जात विचारलेली गोष्ट लपवली की पुढे नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. सांगितल्यावर हप्ता थोडा वाढेल किंवा कंपनी घर बघायला माणूस पाठवेल, तेवढं चालतं. एका कंपनीने नको म्हटलं तर दुसरीकडे जा, पण खोटं लिहून घेतलेली पॉलिसी म्हणजे हप्ता भरून विकत घेतलेला वाद.

नवीन वसाहतींतल्या लोकांसाठी इथेच सांगतो. येळ्ळूर रस्त्याकडे, जुन्या बेळगावकडे काळ्या मातीच्या शेतात प्लॉट पडून घरं झाली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराला तिरक्या भेगा जातात. नव्या बांधकामाचं असं बसणं, भरावाची जमीन दबणं आणि नदीकाठ हळूहळू खचत जाणं पॉलिसीबाहेर आहे. त्याला उपाय पायात आहे, विम्यात नाही.

आता मागांचं बघू. वडगाव, खासबाग, शहापुरात घरात माग असणं ही नेहमीची गोष्ट, पण घराच्या पॉलिसीला ती नेहमीची वाटत नाही. ती राहत्या घरासाठी आणि घरगुती सामानासाठी आहे. माग, मोटर, बीम, विणलेल्या साड्या आणि सूत हा धंद्याचा माल. पुरात माग बुडाले तर गृह रक्षामधून त्याचे पैसे मिळणार नाहीत. त्यासाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही दुसरी प्रमाणित पॉलिसी आहे, एका ठिकाणची एकूण किंमत ५ कोटींपर्यंत असलेल्या लहान धंद्यांसाठी. तुम्हाला दोन्ही लागतील. घराच्या अर्जात "मागच्या एका खोलीत दोन माग आहेत" हे एक वाक्य जरूर घाला. मला माहीत असलेल्या विणकर घरांत ही दुसरी पॉलिसी घेतलेलं घर क्वचितच सापडतं, आणि पूर ओसरल्यावर सर्वांत मोठं नुकसान तिथेच असतं. मागावर अर्धवट विणलेली साडी चिखलाने भरलेली बघवत नाही.

खर्चाकडे येऊ. विमा घराच्या बाजारभावावर काढायचा नसतो. टिळकवाडीत घर कोट्यवधींना विकलं जातं, त्यात मोठा भाग जागेचा. जागा काही वाहून जात नाही. विम्याची रक्कम म्हणजे तेच घर आज पुन्हा बांधायला लागणारा खर्च, कार्पेट क्षेत्रफळ (बाहेरच्या भिंती सोडून आतली वापराची जागा) गुणिले बांधकामाचा चालू दर. समजा तुमचं कार्पेट ९०० चौरस फूट आहे आणि गवंडी-कंत्राटदार आज चौरस फुटाला १,८०० रुपये सांगतोय. झाले १६,२०,०००. घरातल्या सामानासाठी या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, यादी न देता आपोआप संरक्षण मिळतं. तुमच्या बाबतीत ३,२४,०००. एकूण १९,४४,०००.

हप्ता विम्याच्या रकमेतल्या प्रत्येक हजार रुपयांमागे मोजतात. दर कंपनीगणिक आणि पत्त्यागणिक बदलतो, त्यामुळे पक्का आकडा कंपनीच देईल. हिशोब समजावा म्हणून दर हजारी ५० पैसे धरा. १,९४४ गुणिले ५० पैसे म्हणजे ९७२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की वर्षाला १,१४७ रुपयांच्या आसपास. दर दुप्पट लागला तरी महिन्याला दोनशेच्या आतच बसतं. आप्पांना हा कागद मांडून दाखवा. लोकांच्या मनात असतं की पुराच्या भागातल्या घराचा विमा हजारोंनी असणार, म्हणून ते चौकशीच करत नाहीत.

पॉलिसी एक वर्षाची घेता येते, दहा वर्षांपर्यंतचीही घेता येते. वर्षभरात सिमेंट-सळई महाग होते म्हणून विम्याची रक्कम आपोआप वर्षाला १० टक्के या गतीने रोज थोडी वाढत जाते. रक्कम कमी पडली म्हणून दाव्यातून प्रमाणात कापून घेण्याचा जुना नियम या पॉलिसीत घराला आणि घरगुती सामानाला लावत नाहीत. तरी म्हणून क्षेत्रफळ कमी लिहू नका. घर पूर्ण पडलं तर मिळणारा आकडा शेवटी विम्याच्या रकमेवरच अडतो. क्षेत्रफळात मागच्या खोल्या धरा. कंपाउंडची भिंत, व्हरांडा, पाण्याची टाकी, सेप्टिक टाकी, छतावरचे सोलर पॅनेल, परड्यातला गोबरगॅस हेही घराबरोबर धरता येतं, ते नमूद करा. गोठ्यातल्या जनावरांचा विमा वेगळा, दारातल्या दुचाकीचा वेगळा.

दागिने आपोआप येत नाहीत. ते आणि चांदीची भांडी हवी असतील तर मूल्य ठरवून वेगळं संरक्षण जोडावं लागतं. रोख रक्कम विसरा. आणखी एका गोष्टीवर लोक हमखास अडखळतात. वीज पडून टीव्ही, फ्रिज किंवा बोअरची मोटर आतून जळली, तर ते उपकरण या पॉलिसीत मिळत नाही. शॉर्टसर्किट, दाब वाढणं, वायरिंगमधली गळती, कारण वीज असली तरीही. त्यातून आग लागून शेजारचं कपाट जळलं तर कपाटाचे मिळतात. वळवाच्या दिवसांत आभाळ भरलं की प्लग काढून ठेवणं हाच त्यावरचा विमा.

तुमच्या पत्रात "वडिलोपार्जित" हा शब्द आहे, त्यावर थोडं थांबतो. आपल्या गल्ल्यांत एकाच छपराखाली तीन भाऊ राहतात, तोंडी वाटणी झालेली, उतारा अजून आजोबांच्या नावावर. एकाने आपल्या भागाचा विमा काढला आणि छप्पर मात्र तिघांचं एकच उडालं, तर सर्व्हेअरने एकाच्या वाट्याची कौलं मोजायची कशी? उतारा आजोबांच्या नावावर असला म्हणून तुमचा हक्क जात नाही, पण तो दाखवता आला पाहिजे. सगळ्यांच्या संमतीने एकत्र नावांवर संपूर्ण घराची पॉलिसी घ्या, हप्ता वाटून भरा. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेची घरपट्टी, गावात ग्रामपंचायतीचा उतारा, वारस दाखला आणि हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल एका फायलीत ठेवा. ती फाईल वरच्या फळीवर ठेवा. २०१९ ला कित्येकांच्या फायली खालच्या कपाटात भिजून लगदा झालेल्या मी पाहिल्यात. मोबाइलवर फोटो काढून परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. कागद कानडीत आहेत म्हणून घाबरू नका, इथल्या सर्व्हेअरांना ते रोजचे आहेत. दाव्याच्या अर्जात स्वतःचं निवेदन मात्र नीट समजलेल्या भाषेत लिहून, वाचून मगच सही करा.

नुकसान झालं की त्याच दिवशी कंपनीला फोन आणि मेल करा, दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. नियमाप्रमाणे सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय व्हायला हवा. मोठ्या पुरात एकेका सर्व्हेअरकडे घरांची रांग लागते, मी स्वतः तीन-तीन दिवस उशिरा पोचलोय, ते लोकांना जाचतं हे मला कळतं. तोपर्यंत फोटो आणि व्हिडिओ काढून घ्या, मग चिखल काढा. भिजलेल्या गाद्या आणि मोडलेलं सामान एका कोपऱ्यात ठेवा, नगरपालिकेच्या गाडीत टाकू नका. उघड्या छपरावर ताडपत्री टाका, तिची पावती ठेवा. पुढचं नुकसान थांबवणं तुमचं कर्तव्य धरलं जातं. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागून घ्या. कर्नाटकात केएसएनडीएमसीचे (राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे) पर्जन्यमापक ग्रामपंचायत पातळीवर आहेत, त्यामुळे त्या रात्री तुमच्या भागात किती पाऊस झाला हे दाखवता येतं. ढिगारा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते, ते मागायला बहुतेक विसरतात.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. एक महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, कर्नाटकासाठीचं कार्यालय बेंगळुरूत आहे. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. त्याआधी विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते.

सरकारी मदत मिळते मग विमा कशाला, असंही विचारतात. २०१९ ला पूर्ण पडलेल्या घरांना राज्य सरकारने ५ लाख जाहीर केले, आणि त्याने कितीतरी घरं उभी राहिली. पण घर नुकसानीच्या कुठल्या वर्गात बसवायचं यावर महिनोन्‌महिने वाद चालले, आणि घरात पाणी शिरून भिंती उभ्या राहिलेल्यांच्या हाती त्या मानाने थोडंच आलं. तुमच्यासारख्यांचं नुकसान नेमकं त्या मधल्या जागेतलं असतं. वायरिंग, फरशी, कपाटं, धान्य, अंथरुण-पांघरुण. ते विम्यातून येतं.

पॉलिसी मृगाच्या आधी घ्या. नाल्याला पाणी चढल्यावर फोन केला तर कंपनी थांबा म्हणेल, आणि सुरू झालेलं नुकसान नंतरच्या पॉलिसीत बसत नाही. पॉलिसी हातात आली की चारही भिंती, मागच्या खोलीचा पाया, कौलं आणि दोन्ही माग, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. मागच्या भिंतीवर २०१९ ची रेघ अजून असेल तर तिच्यावर चुना मारू नका. तिचा फोटो अर्जाला जोडा, आणि आप्पांनाच ती उंची मोजायला सांगा.